ओबेदाया क्रलची तटस्थता

फिलाडेल्फियाचा न्हावी ओबेदाया क्रल इतका भिडस्त, की गिऱ्हाईक बोलेल तशी त्याची मान हले. दहा वाजता तो फ्रेंचांच्या क्रांतीला मान डोलावी, साडेदहाला इंग्लंडच्या राजाला. दुकान सासऱ्यांनी दिलेलं, बायकोही त्यांनीच दिलेली. स्वतःचं मत बाळगायची वेळच आली नव्हती.

१७९३ साली इंग्लंड-फ्रान्सची जुंपली आणि राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं, आपण कोणाच्याच बाजूचे नाही. ओबेदायाला हे फार पटलं. त्याने दारावर तशीच पाटी ठोकली.

बायकोने, टॅबिथाने, ती वाचली. "अहो क्रल, हे ठरवलं कुणी?"

"मी."

"एकट्याने? काँग्रेसला न विचारता कसं जाहीर केलंत, असं लोक राष्ट्राध्यक्षांनाही विचारतायत. तुम्ही तर घरातही अध्यक्ष नाही."

शनिवारी कॅप्टन टिलिंगर आणि स्पॅकमन शेठ एकदमच दारात उभे. कॅप्टनच्या टोपीला फ्रेंचांची तिरंगी फीत, शेठ पक्के इंग्लंडवाले. खुर्ची एकच. ज्याला मागे ठेवावं तो समोरच्या न्हाव्याकडे कायमचा जाणार, आणि त्याच्यामागे त्याचा सगळा गोतावळा.

ओबेदायाने तोडगा काढला. कॅप्टनचा एक गाल केला, उठवलं. शेठचा एक गाल केला, उठवलं. आता दुसरा गाल आधी कुणाचा, या प्रश्नावर तो वस्तरा धरून उभाच राहिला.

"फेस वाळतोय, क्रल," कॅप्टन म्हणाला.

"नशीब समजा," शेठ म्हणाले. "तुमच्या फ्रेंचांच्या हाती वस्तरा असता तर गालावर थांबला नसता."

"आणि तुमच्या इंग्रजांनी फेसावरही कर बसवला असता."

दोघेही अर्ध्या दाढीने दाराकडे निघाले. तेवढ्यात टॅबिथा स्वयंपाकघरातली खुर्ची आणि वडिलांचा वस्तरा घेऊन आली.

"बसा, कॅप्टन. तटस्थता यांनी जाहीर केलीय, पण माझ्या मंजुरीशिवाय ती अमलात येत नाही."

"बाईमाणूस दाढी करणार?" कॅप्टनने विचारलं.

"बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हा दोन वर्षं तुमची दाढी कोण करत होतं? तुम्ही खुर्चीत घोरत होता."

दोन्ही वस्तरे बरोबरच चालू झाले, बरोबरच थांबले. मग टॅबिथाने खडू घेतला आणि पाटीखाली लिहिलं, 'मंजूर', आणि आपलं नाव.

कॅप्टनने गालावरून हात फिरवला. "पुढच्या शनिवारी मी याच खुर्चीत बसणार."

"तो पक्षपात होईल," शेठ म्हणाले. "ती पाळी माझी."

ओबेदायाने दोघांनाही मान डोलावली.