कुरकुर, खडखड आणि चुरीभाऊ

नव्याकोऱ्या गाडीच्या दारात मी वाटीभर खोबरेल तेल ओतलं. दार कुरकुरत होतं, आणि आमच्या घरी पाळण्याच्या कड्यांपासून कपाटाच्या बिजागऱ्यांपर्यंत कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर हाच इलाज चालत आला होता. कुरकुर थांबली नाही. मुंग्या मात्र आल्या.

गाडीसाठी नंबर लावला तेव्हा मी नवखा वकील होतो. गाडी आली तोवर पालघरच्या कोर्टातले पक्षकार मला ‘जुने वकील’ म्हणू लागले होते. एवढी वाट पाहायला लावून आलेल्या त्या गाडीने पहिल्याच फेरीत तोंड उघडलं. दारातून कुरकुर, मागून खडखड, पायाशी कुठेतरी खुळखुळ. माझी बायको सुमती थोडे दिवस बसली आणि मग उतरली ती उतरलीच. “मनूच्या लग्नाला मी दातिवऱ्याला एस.टी.ने जाईन,” तिने जाहीर केलं. मनू म्हणजे तिची धाकटी बहीण. “माहेरच्या दारात भांड्यांचं दुकान घेऊन उतरायची नाही मी.” लग्न तोंडावर आलं होतं आणि गाडीची ग्यारंटीही त्याच आठवड्यात संपत होती. पुढे एस.टी.तून बायको आणि मागून नव्या गाडीतून मी एकटा, ही वरात सासऱ्यांनी पाहिली असती तर मला वकिली सोडून हिमालय गाठावा लागला असता.

म्हणून मी बोईसरला एजन्सीच्या शेडमध्ये गेलो. तिथे तक्रारी ऐकायला चुरीभाऊ होते. ‘ऐकायला’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. एजन्सीने त्यांना मुळी कानांसाठीच ठेवलं होतं. गावच्या भजनी मंडळात ते मृदंग वाजवत, आणि ज्याला मृदंगाचा सूर कळतो त्याला पत्र्याचाही कळणार, अशी मालकाची समजूत होती. डोक्यावर काळी टोपी, कपाळावर बुक्का, खाकी शर्टाच्या खिशात पान्याऐवजी पानाची डबी. माझी तक्रार अर्धवट ऐकून ते मागच्या सीटवर जाऊन बसले, डोळे मिटले आणि नाक वर केलं.

“वकीलसाहेब, दाराला खोबरेल लावलंत? आता वेणी घालायची हाय काय तिची?”

मग म्हणाले, “चालवा.” मी चालवली. भजनात समेवर हलवावी तशी प्रत्येक खडखडीला ते मान हलवत होते. बऱ्याच वेळाने निकाल आला. “आवाज हाय.” एवढं मला पालघरहून निघतानाच माहीत होतं.

पण आवाज असणं वेगळं आणि तो ग्यारंटीत बसणं वेगळं. चुरीभाऊंचा कायदा तोंडपाठ होता. “कुरकुर पत्र्याची, ती कंपनीची. खडखड रस्त्याची, ती सरकारची. तारापूरला अणूची वीज करायला निघालेत, त्यांच्या ट्रकांनी रस्ता खाल्ला, त्याला आमी काय करणार? आन् खुळखुळ मालकाची. मालकाच्याच खिशातलं कायतरी पडलेलं असतं.”

मी शब्दांवर पोट भरणारा माणूस. खडखड ही मुळात वयात आलेली कुरकुरच कशी असते, यावर मी शेडमध्ये उभ्या उभ्या युक्तिवाद केला. चुरीभाऊ पान लावत राहिले. शेवटी मीच तडजोड सुचवली, “बरं, मग हिला किरकिर म्हणा!”

त्यांनी पानावरून नजर उचलून माझ्याकडे नीट पाहिलं. “किरकिर माणसाची असते साहेब. गाडीची नसते.”

त्यानंतर परीक्षा सुरू झाल्या. “रिकामी गाडी लाजते. भरली की बोलते,” असं त्यांचं म्हणणं. पहिल्या परीक्षेत आम्ही त्यांच्या बहिणीकडून मासवणहून भाताची पोती आणली. दुसरीत अख्खं भजनी मंडळ मागे कोंबलं. मी स्टिअरिंगवरून ओरडलो, “ऐका, ऐका, खुळखुळ!” मागून शांतपणे उत्तर आलं, “झांजा हायत त्या, साहेब.” बोईसर स्टेशनापाशी माझ्याच एका पक्षकाराने हात दाखवून गाडी थांबवली आणि विचारलं, “मनोरला जाणार काय?”

आणि तरीही आवाज एकेक करून कमी होत होते. चालत्या गाडीत चुरीभाऊ पत्र्यावरून तळवा सरकवत जायचे. “हात ठेवला की जो गप होतो, तोच चोर.” मुंबईहून येणारं दाराचं रबर कायम ‘रवाना’ झालेलं असायचं, येऊन पोहोचायचं नाही. शेवटी त्यांनी आपल्या मृदंगाच्या चामड्याच्या वादीचे तुकडे कापले आणि दाराच्या फटीत ठोकायला घेतले.

“हे ग्यारंटीत बसतं?” मी विचारलं.

“बसत नाय. बसवतोय.”

पायाशी होणारी खुळखुळ माझ्याच पेनाच्या टोपणाची निघाली. त्या टोपणावरून मी माझ्या कारकुनाशी अबोला धरला होता. पुढे कित्येक वर्षांनी गाडी मोडीत काढली तेव्हा दारातून वादीचे ते तुकडे निघाले. तोवर चुरीभाऊ जाऊन बराच काळ लोटला होता. वादी कापली त्या वर्षी त्यांचा मृदंग एका अंगाने सैल बोलायचा, हे मला भजनी मंडळींनी तेव्हा सांगितलं.

ग्यारंटीच्या शेवटच्या दिवशी चुरीभाऊ स्वतः पालघरला आले आणि सुमतीला म्हणाले, “वैनी, एकदा बसा. आवाज आला तर एस.टी. हायच.” ती नाक मुरडत पुढे बसली. चुरीभाऊ मागे, डोळे मिटून. गाडी गावाबाहेर पडली. दार गप्प, मागचा पत्रा गप्प, पायाशीही काही नाही. मला इतका आनंद झाला की मी बोलायला लागलो. ग्यारंटीचं कलम मी कसं फिरवलं, खडखडीवर कसा मुद्दा काढला, अशाच एका मुद्द्यावर पूर्वी कोर्टात समोरच्या वकिलाची कशी बोबडी वळवली होती, त्या वकिलाचे वडील कसे होते... दातिवऱ्याचा फाटा आला तेव्हा कुठे मी दम खाल्ला.

“मग? लग्नाला बसणार ना गाडीत?” मी विजयी मुद्रेने विचारलं.

“बसेन,” सुमती म्हणाली, आणि मागे वळली. “पण भाऊ, त्यातली थोडी खडखड परत बसवता येईल का हो? पूर्वी तिच्यात यांचं बोलणं ऐकू यायचं नाही.”

चुरीभाऊंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. “साहेबांना मी पयल्याच दिवशी सांगितलं होतं, वैनी. किरकिर ग्यारंटीत बसत नाय.”