शकुआत्याचा कौल

देवाच्या बाबतीत आमच्या शकुआत्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लग्न होऊन मालवणहून कांजूरमार्गला आली त्याला उभा जन्म लोटला, पण कोणतंही काम काढायचं तर ती आधी देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालणार आणि मग मूर्तीच्या डोक्यावर फूल ठेवून कौल घेणार. फूल देवाच्या उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. माझं ठरलेलं लग्नसुद्धा तिने एका नकारापायी दिवाळीपलीकडे ढकललं होतं.

तिच्या मुलाने, हर्षदने, नवी गाडी घेतली, तेव्हा आत्याने पितळेचा गणपती डॅशबोर्डवर आपल्या सीटसमोर घट्ट चिकटवला. सून श्रुतिका अंधेरीची. गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचणारी आमच्या घराण्यातली पहिलीच बाई. ती म्हणाली, गणपतीच्या खाली एअरबॅग आहे. गाडी जोरात आदळली की पापणी लवायच्या आत झाकण फाडून ती बाहेर येते आणि वर असेल ते समोरच्याच्या तोंडावर फेकते.

"माझो देव माझ्या तोंडार येतलो?" आत्या म्हणाली, आणि विषय संपला.

पुढे श्रुतिकाला दिवस गेले. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ती पुढे बसू लागली. आता त्या पितळेसमोर सून होती, आणि सुनेच्या पोटात नातवंड. आत्याला घास गोड लागेना. एका सकाळी ती मला घेऊन पार्किंगमध्ये गेली, गाडीत गणपतीसमोर बसली, देवा तुला घरात न्यायचं आहे असं सांगितलं आणि फूल ठेवलं. ते पडलं देवाच्या डावीकडे. आत्याने आपला उजवा हात बघितला. फूल त्याच बाजूला होतं.

"उजवो इलो," ती म्हणाली.

कौल देवाच्या हाताने मोजतात, माणसाच्या नाही, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. मी तोंड उघडणार होतो, पण ती अशी बघत होती की मुकाट्याने गणपती सोडवू लागलो.

पुढच्याच महिन्यात मुलुंडजवळ उलट्या दिशेने आलेला टेम्पो गाडीवर आदळला. पुढचा भाग चेपला, आत फटाक्यांसारखा वास आणि पांढरी धूळ. श्रुतिकाने सीट मागे सरकवलेली, पट्टा पोटाखालून घेतलेला. पट्ट्याने तिला जागीच धरलं आणि फुगलेल्या एअरबॅगने डोकं झेललं. हर्षदचं मनगट मोडलं. मागे आत्यालाही पट्टा होता. तो लावल्याशिवाय हर्षद गाडी सुरूच करायचा नाही. तिच्या खांद्यावर फक्त काळानिळा वळ उठला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा आत्या हमसाहमशी रडली. मीही रडलो.

श्रुतिका घरी आली त्या संध्याकाळी आत्या देव्हाऱ्यातल्या त्याच गणपतीपुढे उभी राहिली.

"रे म्हाराजा, त्या दिवशी फूल तुझ्या डाव्या हाताक पडला. तू नको म्हटलंस, तरी मी तुका उठवलंय. काय ती शिक्षा माका दी, पण ह्या पोरीक नि तिच्या लेकराक सांभाळ."

गाऱ्हाण्याला मागच्यांनी साथ द्यायची असते. श्रुतिकाला आजवर त्याचं हसू यायचं. आज तीच पोटावर हात ठेवून म्हणाली, "व्हय म्हाराजा."