कलावतीचा मेंढा

कलावती गोड बोलत नाही. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळात तिला म्हणूनच कुणी गणपतीच्या कमिटीत घेत नाही. इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकलेली ही बाई दिवसभर दूध पावडरच्या कारखान्यात मशीनं सांभाळते आणि उरलेला जीव लिंकन जातीच्या सहा मेंढ्यांवर टाकते. घर आमच्या शेजारी, मध्ये फक्त तारेचं कुंपण.

लिंकन म्हणजे अवाढव्य जनावर. डोळ्यांवर झिपऱ्या, अंगावर दीड वीत लांब, रेशमासारखी चकाकणारी लोकर. गालिच्याला चालते, बाहुल्यांच्या केसांना चालते. कलावती ती स्वतः कातते. दोन वर्षं नंबर लावून तिने दक्षिण बेटावरून आबा नावाचा मेंढा आणला होता. दुसरा मेंढा बंड्या घरचाच, पण कळपातल्या सगळ्या मेंढ्या त्याची आई, मावश्या नाहीतर बहिणी. म्हणजे कोकरं हवी असतील तर आबाच हवा, आणि जात दुर्मीळ, दुसरा मिळणं मुश्किल.

२००६च्या मार्चमध्ये, आबाला मेंढ्यांत सोडायच्या आधी, दोघांची लोकर काढली. त्याच संध्याकाळी तिने दोघांना एका चिंचोळ्या कोंडवाड्यात दाटीवाटीने कोंबलं, उरलेल्या जागेत जुने टायर टाकले.

"लोकर गेली की वास बदलतो. एकमेकांना ओळखत नाहीत," ती म्हणाली. "मागे सरकायला जागा मिळाली की टक्कर घेतात. दोन दिवस गेट उघडायचं नाही. पाणी तेवढं बघ, उद्या माझी शिफ्ट आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन गेले. ऊन रणरणत होतं, दोघं धापा टाकत होते. मला कलावतीचा संताप आला. याला काय प्राणी पाळणं म्हणतात? आणि शिंगं तर एकालाही नाहीत, भांडून भांडून काय करणार! मी गेट उघडलं. स्वतःवर खूशही झाले.

दोघं बाहेर आले, गवत हुंगलं आणि तोंडं एकमेकांकडे ठेवून मागे मागे सरकत गेले. वीस-पंचवीस पावलं. मग धावले. कपाळावर कपाळ आपटलं. पुन्हा मागे, पुन्हा धाव. नाकांतून रक्त उडत होतं. मी ओरडले, बादली फेकली, होजने पाणी मारलं. नवव्या की दहाव्या टकरीला कडकन मोडल्याचा आवाज झाला आणि आबाचे चारही पाय एकदम गेले. बंड्या पडलेल्या आबाला हाणतच राहिला.

फोन केल्यावर कलावती वीस मिनिटांत आली. बंड्याला कोंडून तिने आबाची मान चाचपली. तो जिवंत होता. डोळे फिरवत होता, बाकी काही हलत नव्हतं. ती आत जाऊन सुरी घेऊन आली.

"डोकं धर."

"मला नाही जमणार गं."

"गेट जमलं ना? धर."

मी धरलं. नुकत्याच कातरलेल्या कातड्याखाली ऊब होती. तिने एकाच ओढीत गळा चिरला. माझे हात कोपरापर्यंत गरम झाले, आणि ते अंग माझ्या मांडीवर किती तरी वेळ उडत राहिलं. तिने अंगातला कारखान्याचा शर्ट काढून त्याच्या तोंडावर टाकला आणि त्याच्याशेजारी बसून हमसून हमसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर उठून तिने बंड्याला पाणी ठेवलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

सप्टेंबरमध्ये सगळ्यांच्या कुरणांत कोकरं उड्या मारू लागली. माझी सहा वर्षांची सिद्धी कुंपणावर चढून विचारू लागली, "कला मावशी, व्हेअर आर युअर लॅम्ब्ज?"

कलावती चरखा थांबवून म्हणाली, "आईला विचार."

सिद्धी माझ्याकडे वळली. मी तिला तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. सुरीसकट.