इंटरव्हलनंतरचा पिक्चर

माझ्या मावसभावाइतके पिक्चर तासगाव तालुक्यात कुणी पाहिले नसतील, आणि त्याच्याइतके अर्धवट तर जगात कुणी पाहिले नसतील. बेदाण्याच्या शेडवर राबणारा हा माणूस अधूनमधून टेम्पो काढायचा, मागे चाकाची खुर्ची बांधायचा, पुढे लेकीला उचलून बसवायचा, सोबतीला मला कोंबायचा आणि सांगलीचं थिएटर गाठायचा. लेकीचे स्नायू लहानपणापासून झिजत चाललेले. ती फार वर्षं काढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. ते ऐकून आल्यापासून सिनेमातल्या आजारी पोरांशी याचं जे वैर जडलं, ते कायमचं.

पडद्यावर एखादी तरुण पोरगी खोकली किंवा गाण्यात भोवळ येऊन पडली, की हा सावरून बसायचा. मग टीका सुरू, अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशी. "आजारी हाय न्हवं? मग लिपस्टिक कुणी लावली?" "आरं, तिला संडासला कोण नेतं ते दावा की!" एकदा नायकाने नायिकेची खुर्ची एका हाताने डोंगरावर ढकलत नेली, तेव्हा हा उठून उभाच राहिला. "हिकडं ये गड्या, आमच्या बँकेची पायरी चढवून दाव!" मागचे लोक शिव्या घालायचे, लेक हसून हसून बेजार व्हायची, मी तोंड लपवायला जागा शोधायचो. आणि इंटरव्हलचे दिवे लागले की तिला उचलून हा सरळ बाहेर. पुढे पोरगी मरणार, हे त्याला ठाऊक असायचं.

परतताना लेक विचारायची, "पप्पा, पुढं काय झालं?" याने तरी कुठे पाहिलेलं? पण सांगायचा. त्याच्या पिक्चरात पोरीला बँकेत नोकरी लागायची, एसटीच्या कंडक्टरशी तिचं भांडण व्हायचं, मग लग्न, पोरंबाळं, पुढे सुनेशी आमटीच्या मिठावरून कटकट. लेक "हूं, हूं" करत ऐकायची.

एकदा तो डिझेल भरायला उतरला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, मी मोबाईलवर समदे शेवट बघितल्यात. पप्पांना सांगू नका. त्यांचा शेवट लय भारी असतो. त्यात ती पोरगी म्हातारी होते."



गेल्या थंडीत ती गेली. सिनेमातल्यासारखं त्यात काहीच नव्हतं. श्वासासाठीची धडपड होती आणि तिची पाठ चोळत बसलेला बाप होता.

परवा मीच त्याला बळेबळे सांगलीला नेलं. नेमकी त्या पिक्चरातही आजारी पोरगी निघाली. हा चकार शब्द बोलला नाही. इंटरव्हल झाला तसा सवयीने उठला, उचलायला वाकला आणि तसाच थांबला. मीच त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

टेम्पो तासगावच्या रस्त्याला लागला. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "पुढं काय झालं रं?"

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "नोकरी लागली तिला. बँकेत."

मी "हूं" म्हणालो. तो सांगत राहिला, मी हुंकार देत राहिलो. तासगाव आलं तेव्हा ती पोरगी पार म्हातारी झाली होती.