वेबसाईटला स्पीकरची परवानगी

"बंद करा! आधी बंद करा ते!" फौजदार ओरडत होते. कॉम्प्युटर बिचारा गप्प होता. ओरडणं असं, की बारामती स्टँडावरची इंदापूर गाडी कंडक्टरनं बेल द्यायच्या आत सुटली.

जागा माझ्या पुतणीच्या कॉम्प्युटर क्लासची, गुन्हा माझा. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि इंटरनेट आमच्याकडं नुकतंच उतरलं होतं. एक पान उघडेपर्यंत माणूस वरकुट्याला पाहुण्यांकडं जाऊन, जेवून, डुलकी काढून परत यायचा.

झालं असं, की कारखान्याच्या सभेत (कारखान्याचं नाव सांगत नाही, त्यालाही परवानगी लागत असेल) मी विचारलं होतं, "सांगवीतला माझा ऊस लागणीच्या तारखेनं पहिला, तर तोडीला शेवटी का?" आमच्याकडं सभेत उत्तर द्यायची रीत नाही. पुढं बसवलेली माणसं "मंजूर, मंजूर!" ओरडतात आणि माईक बंद होतो. माझा प्रश्नसुद्धा मंजूर झाला! त्यानंतर तोडणीची टोळी कोयते घेऊन माझ्या बांधावरून पुढं गेली, आत काही वळली नाही. उसाला तुरे आले. इतके उंच, की विमानं बगल देऊन जायला लागली. वजन रोज घटत होतं.

म्हणून तोच प्रश्न पुतणीनं वेबसाईटवर टाकून दिला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. इथला माईक कुणाला बंद करता येत नाही, असं आम्हाला वाटलं होतं.

"परवानगी कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"कशाची?"

"स्पीकरची. जाहीर बोलायचं तर ठाण्याची परवानगी लागती."

"साहेब, ह्याला आवाजच न्हाय."

"आवाज न्हाय, तर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना मुंबईत कसा ऐकू गेला?"

मग अटी सुरू झाल्या. मजकूर आधी ठाण्यात दाखवायचा. आवाज हद्दीबाहेर जाता कामा नये. रात्री दहानंतर वेबसाईट बंद.

"अहो, तेव्हा अमेरिकेत सकाळ असते," पुतणी म्हणाली.

"मग त्यांनी तिथल्या ठाण्यात अर्ज करावा."

माझं डोकं फिरलं. लग्नसराईत ह्याच ठाण्यासमोर बँड असा वाजतो, की लॉकअपमधले आरोपी नाचतात. तेव्हा मजकूर दाखवा म्हणायला कुणी येत नाही. शेतकऱ्यानं एक प्रश्न विचारला, की कायदा टोपी घालून दारात हजर!

"घटनेनं बोलायचा हक्क दिलाय मला!" आता ओरडायची पाळी माझी होती.

"मी कुठं काढून घेतोय? बोला की. घरात बोला."

आणि वर धमकी, पान काढलं नाही तर क्लासला कुलूप. पुतणीनं माझ्याकडं बघितलं. "तात्या, काय करू?" तिचं पोट त्या क्लासवर होतं. मीच म्हणालो, "काढ." उघडायला अर्धा दिवस लागणारं पान जाताना पापणी लवायच्या आत गेलं.

तणतणत सांगवीला आलो. बायको बांधावर तुऱ्यांकडं बघत उभी होती.

"अगं, अमेरिकेनं वाचलं असतं! जपाननं वाचलं असतं! अख्ख्या जगाला कळलं असतं, ते दाबलं ह्या लोकांनी!"

"त्यातलं कोण कोयता घिऊन येणार हुतं?" ती म्हणाली.