समोरच्या वहिनींची रंगीत तालीम

उत्तनपासून वरसाव्यापर्यंत आमच्या समोरच्या वहिनींइतकं भित्रं माणूस दुसरं नसेल. पोलिओच्या रविवारी दुसऱ्यांच्या बाळांना थेंब पाजताना बघूनसुद्धा त्या डोळे मिटायच्या. एकदा दाढ काढायला गेल्या आणि डॉक्टरनं दिवा तोंडावर ओढताच खुर्चीतून उठल्या त्या थेट रस्त्यावर, गळ्यातलं प्लास्टिकचं लाळेरं तसंच. त्याच अवतारात येताना कोपऱ्यावरून कोथिंबीरही घेऊन आल्या.

अशा बाईनं भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना ऑपरेशनासाठी तयार करायचं काम अंगावर घेतलं होतं, तेही कोणी न सांगता. आईबाप ‘नुसता फोटो काढायचाय’ म्हणून पोराला न्यायला निघाले की वहिनी दारात उभ्या. ‘तेरा-चौदाच्या मुलाला फसवू नका. लहान बाळं विसरतात, ही नाही विसरत.’ मग स्वतः हॉस्पिटलात जाऊन नर्सला विचारायच्या, सुई कुठे टोचतात, गार काय लागतं, वास कसला येतो. ऐकता ऐकता चक्कर आली की बाकावर बसून लिंबू सरबत प्यायच्या आणि उरलेलं विचारायला परत आत.

माझी ऋजुता चौदाची असताना तिला रक्ताचा आजार निघाला. कमरेच्या हाडातला मगज काढून तपासायचा होता. पोर जेवेना, बोलेना. वहिनी आल्या आणि आमच्या दिवाणावर पालथ्या झोपल्या. ‘तू डॉक्टर. ही विणायची सुई घे, बोथट बाजूनं. आधी गार लागेल, ते स्पिरिट. मग मुंगी चावल्यासारखं. नाही, खोटं कशाला बोलू, गांधीलमाशी. मग आतून ओढल्यासारखं होईल, तेव्हा ओरडायचं. चालतं, मी विचारून आलेय.’ ऋजुतानं सुई टेकवली मात्र, वहिनींनी अशी किंकाळी फोडली की खालचे गुजराती काका ‘शुं थयुं?’ करत धावत वर आले. कितीतरी दिवसांनी पोर हसली. तपासणीच्या दिवशी ती ओरडली, पण हलली नाही. बाहेर आणलं तेव्हा वहिनीच बाकावर आडव्या होत्या. आत जाणारा ट्रे त्यांना दिसला होता.

पुढची प्रत्येक तालीम त्याच दिवाणावर झाली. केस जातील हेही वहिनींनीच सांगितलं. आम्हाला ते जमलं नव्हतं. पावसाळा सरता सरता डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या. त्या दुपारी ऋजुतानं वहिनींना विचारलं, ‘काकू, आता पुढचं कसं असतं? त्याची तालीम नाही करायची?’

वहिनी म्हणाल्या, ‘ते मला नाही गं माहीत. कोणाला विचारून येऊ, तेही कळत नाहीय.’

‘तुम्ही घाबरलाय?’

‘खूप.’

‘मी पण.’

वहिनी तिच्याशेजारी सरकून आडव्या झाल्या. दोघी संध्याकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले.

दिवाळीआधी ऋजुता गेली. वहिनींनी कोणाकडे जाणं सोडलं. आम्ही दोघी जिन्यात भेटायचो, तेव्हा भाजीच्या भावावर बोलायचो. पुढच्या वर्षी सी विंगमधल्या एका मुलीच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं. तिची आई वहिनींकडे न जाता माझ्याकडे आली, ‘तुम्हीच सांगाल का त्यांना? त्यांना विचारायला धीर होत नाहीय.’ मी सांगितलं. वहिनींनी पदर खोचला आणि चपला घातल्या.

दुपारी सी विंगमधून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. मला तो सोसवेना. खिडकी लावून घेतली. थोड्या वेळानं पुन्हा उघडली.