साळवे सिस्टर आणि ती पाटी

नवा इंटर्न आला की साळवे सिस्टर आधी त्याला ओपीडीच्या भिंतीवरच्या पाटीसमोर उभं करत. ‘गर्भलिंगनिदान करणे हा कायद्याने गुन्हा आहे.’ मोठ्याने वाचायला लावत. मग विचारत, “यात गर्भपात गुन्हा हाय असं कुठं लिवलंय, दाखवा.” साडेचार वर्षं डॉक्टरकी शिकून आलेली पोरं पाटीकडे बघत राहत.

प्रवरेकाठच्या त्या ग्रामीण रुग्णालयात मी रुजू झालो तेव्हा सिस्टर भाचीच्या लग्नासाठी रजेवर होत्या. त्यामुळे माझी पाटी वाचायची राहिली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण शिकवायचं काम कॉलेजचं होतं, एका नर्सचं नव्हतं, आणि कॉलेजने ते केलं नाही याचा मला आजही संताप येतो. आमच्या सरांनी गर्भपाताचा धडा ‘परीक्षेला येतो, घरी वाचून घ्या’ म्हणत उरकला. गर्भपाताची केस असली की आम्हाला थिएटरबाहेर थांबवत. संततिनियमनाच्या तासाला मागच्या बाकांवर हशा चाले. होस्टेलवर आम्ही एकमेकांना सांगायचो, असली कामं आपण करायची नाहीत, ते पाप असतं, त्यात लफडी असतात. मीही तेच सांगत होतो.

सोमवारी मनीषा आली. डेअरीला दूध घालून, रिकामी किटली हातात, एकटीच. दोन मुलं, धाकटं दहा महिन्यांचं, आणि पुन्हा दिवस गेलेले. “हे नको हाय मला,” म्हणाली. मी नवऱ्याची सही मागितली. तो देणार नाही म्हणाली. मग मी पाटीकडे बोट दाखवून तिला सांगितलं की हा गुन्हा आहे, तुरुंगात जाशील. सज्ञान बाईला तिची स्वतःची संमती पुरते, आणि हे काम करणाऱ्या डॉक्टर मॅडम दर बुधवारी याच रुग्णालयात येतात, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तर निदान गप्प बसावं, तेही जमलं नाही. तिने किटली उचलली आणि निघून गेली.

शुक्रवारी तिला टेम्पोतून आणलं. गर्भ पाडायला कुणाकडून तरी काडी घालून घेतली होती. अंग तापाने फणफणलेलं, रक्त थांबत नव्हतं. सिस्टर त्याच सकाळी कामावर हजर झाल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांना सलाईन लावलं, ॲम्ब्युलन्स मागवली आणि मला नगरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला सांगितलं. मी लिहिली, पण सोमवारचा उल्लेख गाळला. सिस्टरांनी मनीषाच्या पिशवीतून माझ्याच अक्षरातला सोमवारचा केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. एरवी इंटर्नला अहो-जाहो करणारी ही बाई.

“तू परत लावली हिला,” त्या म्हणाल्या. “ते लिही, मंग सही कर.”

मी लिहिलं. रविवारी नगरला मनीषा वारली. त्या चिठ्ठीबद्दल मला कधी कुणी अवाक्षर विचारलं नाही. अशा बाईच्या मरणाचा जाब आपल्याकडे कोण मागतो?

सिस्टरांनी मला माफ केलं नाही. कामाला लावलं. पुढच्या बाजारच्या दिवशी पिकायला आलेल्या पपया घेऊन त्या आल्या आणि बुधवारच्या मॅडमची गर्भपाताची जुनी सिरिंज माझ्या हातात दिली. गर्भपिशवी हलक्या हाताने कशी रिकामी करायची, ते आम्ही इंटर्न पपईतल्या बिया ओढून शिकलो. माझा हात जोरात गेला, पपई फुटली. “गेली तुमची पेशंट,” म्हणत त्यांनी दुसरी पुढे सरकवली. “अख्खा मुलूख पपई खाऊन मोकळं व्हायचं बघतोय. तुमी तिच्यावर शिका तरी.”

त्यांच्या गळ्यात क्रूस असे, रविवारचं चर्च त्या चुकवत नसत. माझ्या एका इंटर्न मित्राने त्यांना आगाऊपणाने विचारलं, तुमच्या धर्मात हे चालतं का? सिस्टर पट्ट्या घडी करत होत्या. “माझं मी देवाला सांगीन,” म्हणाल्या. “दारातून परत गेलेल्या बाईचं तुमी काय सांगनार?”

आता मी मेडिकल कॉलेजात शिकवतो. गेल्या वर्षी वर्गात विचारलं, गर्भपात गुन्हा आहे का? निम्म्याहून जास्त हात वर झाले. एका मुलीने विचारलं, सर, नवऱ्याची सही नसेल तर आपण अडकू ना? माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं गेली आणि पुन्हा तीच सही. मी त्यांना मनीषाची हकीकत सांगितली, आणि म्हणालो की एका इंटर्नने तिला परत पाठवलं होतं. संध्याकाळी सिस्टरांना फोन लावून पोरांवर, कॉलेजवर, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं.

“इंटर्न कोन हुता, ते सांगितलं का?”

“नाही.”

“मंग पोरांवर कशाला चिडता, डॉक्टर?”

दिवाळीनंतर त्या गेल्या. त्यांना माती देऊन आलो, दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर माझा तास होता. फळ्यावर पाटीतलं वाक्य लिहिलं, एकाला मोठ्याने वाचायला लावलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली होती. मी म्हणालो, “मनीषाला परत लावणारा इंटर्न मी होतो.” हसू थांबलं. मग तो धडा शिकवायला घेतला.